नवीन मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही

प्रश्न: दीड वर्षाची मांजरी परवा दत्तक आणली. दिवसभर पलंगाखाली, रात्री थोडं खाते. ओढून बाहेर काढू का? शी-शूचा ट्रे बाल्कनीत ठेवलाय, तिकडे फिरकत नाही.

उत्तर १: अजिबात ओढू नका, ती आणखी आत शिरेल. आठवडाभर एकच खोली द्या. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात जुना टॉवेल टाका. टॉवेल धुऊ नका, तिचाच वास तिला धीर देतो. तुम्ही जमिनीवर बसा, टक लावून बघू नका.

उत्तर २: ट्रे आजच त्या खोलीत आणा, पण वाटीपासून लांबच्या कोपऱ्यात. वाळू दोन-तीन इंच, बिनवासाची. आणि फरशीला फिनाइल बंद! त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पेलत नाही, ओले पंजे चाटले की ते पोटात जातं.

उत्तर ३: रात्री खातेय म्हणजे ठीक आहे. पण 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, जाड मांजरात तर लवकरच. पोटात जावं म्हणून दूध देऊ नका, जुलाब होतील. सध्याचं खाणं आठवडाभर बदलू नका.

उत्तर २: बाल्कनीचं दार जाळी लागेपर्यंत बंदच ठेवा. ग्रिलच्या गजांमधून मांजर सहज निसटतं.