‘इंडेम्निफाय’ला आपल्याकडे काय म्हणतात?

चोपड्याचा केळीवाला
मंडळी, एका शब्दापाशी आमचं घोडं अडलंय.

यंदा मृगबागेची केळी निर्यातीला द्यायचं घाटतंय. मुंबईच्या खरेदीदाराने अकरा पानी करार पाठवलाय, सगळा इंग्रजीत. मी बी.कॉम. आहे, पण ते इंग्रजी आणि हे इंग्रजी यांचं गोत्रच वेगळं. रोज जेवणं झाली की दोन पानं आबांना मराठीत सांगतो. आबा ७१ वर्षांचे. सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’चा रकाना अजून चष्म्याशिवाय वाचतात, पण इंग्रजीचा गंध नाही.

सातव्या पानावर लिहिलंय की माल देणारा माल घेणाऱ्याला ‘इंडेम्निफाय अँड होल्ड हार्मलेस’ करेल. मी सांगितलं, ‘हमी देईल’. आबा म्हणाले, हमी तर काल सहाव्या पानावर दिली ना, मग परत कशाला? खरंच, तिथे ‘वॉरंट’ होतं आणि त्यालाही मी हमीच म्हटलं होतं. मोबाइलला विचारलं तर तो म्हणाला, ‘नुकसानभरपाई देईल आणि निरुपद्रवी ठेवेल’. आता समोरच्या व्यापाऱ्याला मी निरुपद्रवी कसा ठेवणार? बँकेतले साडू म्हणतात ‘क्षतिपूर्ती’. ते ऐकून आबांनी कूस बदलली आणि झोपले.

नेमका शब्द सुचवा. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

विधीचा मास्तर
साडूंचा शब्द पुस्तकी असला तरी बरोबर आहे. तुमची ‘हमी’ चूक.

आपला करार कायदा १८७२चा. त्यात कलम १२४ला इंडेम्निटी आहे. एकाने दुसऱ्याला वचन द्यायचं की माझ्या किंवा तिसऱ्या कुणाच्या वागण्याने तुझं नुकसान झालं तर त्यातून मी तुला सोडवीन. माणसं दोनच. कलम १२६ची ‘गॅरंटी’ वेगळी, तिथे तीन माणसं लागतात: कर्ज देणारा, घेणारा आणि मध्ये मान अडकवणारा जामीन. सोसायटीच्या कर्जाला शेजाऱ्याने सही ठोकली की तो हा तिसरा. करारात वेगळं लिहिलं नसेल तर कलम १२८प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. दोन्हीला ‘हमी’ म्हटलं की पोरं परीक्षेत बुडतात आणि मोठी माणसं व्यवहारात.

‘नुकसानभरपाई’ही मी टाळीन. करार मोडल्यावर कलम ७३खाली कोर्ट देतं ती नुकसानभरपाई, म्हणजे ‘डॅमेजेस’. ती मागणाऱ्याला नुकसान सिद्ध करावं लागतं, आणि लांबचं, आडवळणाचं नुकसान त्यात धरत नाहीत. इंडेम्निटी लिहून देताना तुम्ही आधीच मान तुकवलेली असते. वर्गात मी सांगतो, इंग्रजी शब्द पाठ करण्याआधी माणसं मोजा आणि पैसा कुणाच्या खिशातून जातोय ते बघा.

जिनिंगवाला, धरणगाव
मास्तर, पोरांचं खरं आहे. माझा पुतण्या एम.बी.ए. करतोय. त्याने आमच्या कापसाच्या गाठींच्या कराराचं मराठी करून दिलं. ‘इन कन्सिडरेशन ऑफ’चं केलं ‘विचारात घेऊन’. म्हणजे वीस लाख रुपये विचारात घेऊन आम्ही गाठी द्यायच्या. नुसते विचारात! अरे बाबा, मोबदला म्हण. ‘एक्झिक्यूट’ आलं तिथे ‘अंमलबजावणी’. सह्या करून दस्त पुरा करणं, एवढंच असतं ते. ‘विदाउट प्रेज्युडिस’चं ‘पूर्वग्रह न बाळगता’. वाचून वाटावं वकिलाने नोटीस नाही, सुविचार पाठवलाय. आमच्या हक्काला बाधा न येता, असं सरळ आहे ते.

आणि कळस बघा. भाव ‘पर कँडी’ लिहिला होता, तर त्याने ‘प्रति गोळी’ केलं. कँडी म्हणजे आपली खंडीच. इंग्रजांनी इथून नेली आणि तोंड वाकडं करून परत दिली. रुईची खंडी ७८४ पौंडांची, किलोत ३५६च्या जवळपास.

शुद्धमती
‘मोबदला’ अरबी आहे. कायद्याच्या मराठीत ‘प्रतिफल’ रूढ आहे, तो वापरावा.

मूळ प्रश्नाबद्दल: क्षतिपूर्ती. शब्द अवघड वाटतो म्हणून टाकायचा ही वृत्तीच मला पटत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसीला संस्कृत प्रतिशब्द दिले, तेव्हाही कुणी तरी नाक मुरडलं असेलच. सावरकरांनी ‘दिनांक’ दिला. आज तो प्रत्येक अर्जावर आहे, कुणाला जड वाटतो? क्षतिपूर्ती वापरत राहा, दहा-पंधरा वर्षांत आबांनाही कळेल.

तापीकाठचा
ताई, आबा ७१चे आहेत हो.

वकील, दावा, जामीन, दस्त, मुदत, रद्द, तारीख. एवढे शब्द कोर्टातून काढा आणि उरलं काय ते सांगा. जिने आणि बाकडी? राज्यव्यवहारकोश झाल्यावरही पेशव्यांच्या कागदांत फारसीचा सुकाळ होताच. कोश शब्द देतो, चालवतो बाजार.

‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट’ला ‘परक्राम्य संलेख’ म्हणतात, ऐकलंय कधी कुणाच्या तोंडून? १८८१चा कायदा आहे, चेकवर त्याची रोज गरज पडते. पण आमच्या बाजारपेठेत चेक परत आला की माणूस म्हणतो, ‘१३८ टाकतो त्याच्यावर’. कलमाचा आकडाच शब्द झाला. ना संस्कृत, ना इंग्रजी. आता हा शब्द तुमच्या कोणत्या कोशात बसवायचा?

शुद्धमती
ताई कुणी सांगितलं? मी दादा आहे.

अमळनेरची वहिनी
भांडा तुम्ही सावकाश, मी माझं सांगते. बिलबुकाच्या तळाला बारीक अक्षरात ‘ई अँड ओ ई’ असतं ना, ते ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’. हिशेबात चूक झाली किंवा काही राहून गेलं तर ते सोडून बाकी बिल पक्कं, असं. आमच्या दुकानाची बिलबुकं छापली तेव्हा छापखान्याने लांबलचक लिहायच्या नादात ‘ॲक्सेप्टेड’ छापलं. म्हणजे चुका आम्हाला मंजूर! पाचशे बिलं तशीच फाडली. एकाही गिऱ्हाइकाने हूं की चूं केलं नाही. देवनागरीत एका मात्रेचाच तर फरक, म्हणून सांगते, पहिलं अक्षर नीट बघा.

त्याच्याच शेजारी ‘सब्जेक्ट टू अमळनेर ज्युरिस्डिक्शन’ असतं. भांडण झालं तर आमच्या कोर्टात या. केळीवाले भाऊ, तुम्ही एका शब्दासाठी अडलात, पण करारात गाव कुठलं लिहिलंय ते बघितलं का? मुंबई असेल तर दर तारखेला रेल्वेचं आरक्षण करून ठेवा.

पुणेकर जावई
वहिनी, ‘ई अँड ओ ई’ला आपल्याकडे केवढा देखणा शब्दप्रयोग आहे: चूकभूल द्यावी घ्यावी! आमचे आजोबा पत्राच्या शेवटीसुद्धा चू.भू.द्या.घ्या. लिहीत.

जिनिंगवाला, धरणगाव
जावईबापू, आमच्या अडतीवर ‘देणे घेणे’ लिहितात. द्यावी-घ्यावी एवढं नटवं नाही. पण अर्थ तंतोतंत एक नाही बरं का. इंग्रजीवाला नुसतं एवढंच म्हणतो की माझी चूक मला बांधील नाही. आपल्यात देणंही आहे आणि घेणंही. जास्त लावले असतील तर परत देऊ, कमी लावले असतील तर मागून घेऊ.

पुणेकर जावई
हे मान्य. पण ‘नटवं’ शब्द मागे घ्यावा.

विधीचा मास्तर
वहिनींनी बोट ठेवलं ती जागा शब्दापेक्षा महत्त्वाची आहे. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो तुमच्या करारातून मिळत नाही. पण दोन कोर्टांना अधिकार असेल, म्हणजे माल इथून निघाला, करार तिथे झाला, तर त्यातलं एक आधीच ठरवून ठेवता येतं. समोरचा ते ठरवून मोकळा होतो आणि आपण ‘ज्युरिस्डिक्शन’ शब्द शेवटच्या पानावर आहे म्हणून वाचतही नाही.

दस्तवाला, धुळे
उशिरा आलो, माफी असावी. ३४ वर्षं रजिस्टर कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसतोय. इंग्रजी मला बेताचंच येतं.

केळीवाले भाऊ, आपल्या घरातलं एखादं जुनं खरेदीखत काढा. त्यात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतील. त्या दोन शब्दांनीच निम्मं काम होतं, ‘पार्टी ऑफ द फर्स्ट पार्ट’ कोण ते पान उलटून बघावं लागत नाही. मग शेवटाकडे या. तिथे साधारण असं सापडेल: ‘सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध अगर बोजा निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार यांनी पदरखर्चाने करून द्यावयाचे आहे. त्याची कोणतीही तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाही.’

हेच तुमचं ते इंडेम्निफाय आणि होल्ड हार्मलेस. निवारण करून देणं हे पहिलं, तोशीस लागू न देणं हे दुसरं. आम्ही हे वाक्य रोज लिहितो, पक्षकार रोज मान डोलावतात. क्षतिपूर्ती मी एकाही दस्तात घातलेली नाही.

शुद्धमती
उत्तम! तोशीस चालेल. ‘तोष’वरून आलेला दिसतो, म्हणजे संस्कृतच आहे.

तापीकाठचा
दादा, तोष म्हणजे समाधान आणि तोशीस म्हणजे झळ. एकाच्या पोटातून दुसरं कसं निघेल? माझा संशय फारसीतून आलेल्या ‘तश्वीश’वर आहे. म्हणजे तुम्ही अरबी शब्दाला आत्ताच प्रमाणपत्र दिलंत.

शुद्धमती
संशय म्हणजे पुरावा नव्हे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघून सांगतो.

जिनिंगवाला, धरणगाव
इतिहासाचार्य राजवाडे १९२६मध्ये धुळ्यात गेले, पण व्युत्पत्तीची हौस इथल्या मातीत पुरून गेले. पाऊस पडला की उगवते.

पुणेकर जावई
‘खिशाला तोशीस न लागता’ असं वर्तमानपत्रात वाचतो आपण, सहलीच्या जाहिरातीत वगैरे. करारात थोडं घरगुती वाटत नाही का?

दस्तवाला, धुळे
जावईबापू, करार खिशाबद्दलच असतो.

चोपड्याचा केळीवाला
सगळ्यांचे आभार, विशेषतः धुळेकर काकांचे. काल रात्री सातवं पान परत काढलं आणि आबांना त्यांच्याच भाषेत वाचून दाखवलं: ‘लिहून घेणार यांस कोणतीही तोशीस लागू देणार नाही.’ आबा आडवे होते, उठून बसले. म्हणाले, ‘तोशीस कितली? आकडा कोठे शे?’

अकरा पानं चाळली. आकडा कुठेच नाही. कंटेनर तिकडच्या बंदरात नाकारला तर त्याचं भाडं, माल नष्ट करायचा खर्च, वर त्याच्या गिऱ्हाइकाने दावा केला तर तोही, सगळं आमच्या अंगावर. बंदरात दुसऱ्या कुणी कंटेनरची वीज बंद ठेवली आणि केळी आत पिकली तरी ते आमचंच का, हेही स्पष्ट नाही. मास्तर, तुमचं ते ‘तिसऱ्या कुणाच्या वागण्याने’ तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आणि वहिनी, गाव मुंबईच आहे.

आता उलट मेल टाकायचीय. जबाबदारीला वरची हद्द घालायला इंग्रजीत काय लिहू? ‘कॅप’ की ‘लिमिट’?

विधीचा मास्तर
‘लायबिलिटी शॅल नॉट एक्सीड’ आणि पुढे त्या कंटेनरमधल्या मालाची बिलाची रक्कम. ‘शॅल’च्या जागी ‘मे’ घालू नका, तिथे सगळा खेळ फिरतो. आणि तुमच्या हाताबाहेरची कारणं वेगळी काढून लिहा. मेल टाकण्याआधी मसुदा जळगावच्या एखाद्या वकिलाला दाखवा, इथल्या आमच्या पांडित्यावर सही करू नका.

शुद्धमती
‘कॅप’ला ‘कमाल मर्यादा’. कमाल अरबी आहे ते मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नये.

मोल्सवर्थ वाचनालयात आहे आणि वाचनालय सोमवारी उघडतं.

पुणेकर जावई
खायची कँडी आणि ही खंडी एकच का हो? खडीसाखर, खांडसरी वगैरे?

जिनिंगवाला, धरणगाव
नाही. खायची ती साखरेच्या ‘खंड’वरून गेली, अरबांच्या वाटेने. ही मापाची. धान्याची खंडी वीस मणांची, रुईची वेगळी. एकाच नावाची दोन मापं, त्यात मण गावोगाव बदलायचा.

तापीकाठचा
म्हणजे खानदेश हे नाव खंडीवरून असणार! फारुकी सुलतानांच्या ‘खान’ किताबावरून, कान्हदेशावरून अशी दोन भांडणं आधीच आहेत, तिसरं घ्या.

अमळनेरची वहिनी
आमच्याकडे लग्नाला खंडीभर पाहुणे येतात, ते काही कुणी वजन करून घेत नाही. शब्दाचं असंच असतं भाऊ.

ते जाऊ द्या. नवीन बिलबुकं परवा छापून आली. या वेळी मी स्वतः कागदावर लिहून दिलं होतं. त्याने ‘एक्स्पेक्टेड’ छापलंय.