स्टॅनफर्डचं तळघर आणि आमचे सेक्रेटरी

खडूस_सदाशिव
काल इथे 'द स्टॅनफर्ड प्रिझन एक्स्पेरिमेंट' (२०१५) बद्दल कुणीतरी भरभरून लिहिलंय. शेवटचं वाक्य: "वर्दी चढवली की तुमच्या-माझ्यातला राक्षस बाहेर येतो, हे विज्ञानाने सिद्ध केलंय." तिथेच प्रतिसाद देत होतो, फार लांबला म्हणून वेगळा धागा.

सिनेमा चांगलाच आहे, बिली क्रुडपने तो प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ झिंबार्डो झकास वठवलाय. पण सिद्ध? ऑगस्ट १९७१, विद्यापीठातल्या तळघरात मांडलेला खोटा तुरुंग, दिवसाला १५ डॉलरवर घेतलेली २४ पोरं, काही पहारेकरी, काही कैदी, दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळला. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण झिंबार्डो स्वतःच तुरुंगाधीक्षक होऊन बसला होता. पहारेकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: मारायचं नाही, पण कैद्यांना धास्ती वाटली पाहिजे, आपल्या हातात काहीच नाही असं वाटलं पाहिजे. एक पोरगा मवाळ वागायला लागला तर त्याला "जरा कडक हो" म्हणून गळ घातल्याची टेप आहे. आणि हॉलिवूडच्या रांगड्या हिरोवरून 'जॉन वेन' नाव पडलेला तो गाजलेला पहारेकरी? तो नंतर सांगतो, मी ठरवून सोंग वठवत होतो. याला प्रयोग म्हणायचंच तर नाटकाचा म्हणा.

स्नेहल_डोंबिवली
'कुणीतरी' म्हणजे मीच ती. नाव घेतलं असतं तर जीभ झडली नसती.
बरं, सांगितलं म्हणून केलं. मग? रात्री अडीचला उठवून हजेरी, वर जोर काढायला लावायचे, हे तपशील मास्तरांनी लिहून दिले होते का?
माझ्याकडे टेप नाही, आमचे सेक्रेटरी आहेत. एप्रिल २०२०. निवृत्त माणूस, आरतीला टाळ वाजवणारा, कधी मोठ्याने बोललेला आठवत नाही. कुठून तरी चमकणारं जॅकेट आणि शिट्टी पैदा केली. चौथ्या दिवशी माझे बाबा इन्सुलिन आणायला निघाले तर गेटवर, "चिठ्ठी दाखवा. वीस मिनिटांत परत." आणि घड्याळ लावून उभे! बाबा ७२ वर्षांचे. यांना कुठल्या प्रोफेसरने शिकवलं होतं?

चाळकरी
यातच माणसं मरतात ना शेवटी?

खडूस_सदाशिव
तो जर्मन सिनेमा, 'डास एक्स्पेरिमेंट', २००१ चा. खऱ्या तळघरात कुणी मेलं नाही.

माजी_चेअरमन
स्नेहलताई, त्या वर्षी मीही गेटवर होतो, म्हणून बोलतो. तुम्ही घरात बसून डालगोना कॉफी घुसळत होता तेव्हा १४० फ्लॅटचा भाजीपाला सॅनिटाइझ कोण करत होतं? रोज नवा आदेश, रोज "अमक्याच्या घरी पाहुणा आलाय" म्हणून चुगली. एरवी वार्षिक सभेला कोरम नाही, मेंटेनन्स थकवायचा, आणि कुणी काम केलं की तो हिटलर!

स्नेहल_डोंबिवली
कॉफी? मी घरातून नऊ तास काम करून भांडी घासत होते, कारण तुमच्यासारख्यांनीच मावशींना गेटवर अडवलं होतं. कुरिअरवाले मात्र लिफ्टपर्यंत यायचे!

माजी_चेअरमन
सरकारी नियम होता.

स्नेहल_डोंबिवली
जूनमध्येही? तेव्हा नियम सैल झाला होता. तुमची शिट्टी नव्हती झाली.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, दोघंही गेट सोडा आता. मी होस्टेलात राह्यलो. पहिल्या वर्षी आमची 'इंट्रो' म्हणजे रॅगिंग झाली, तीन महिने मान खाली, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहून चालायचं. दुसऱ्या वर्षी मीच खुर्चीवर. कोणी जबरदस्ती नाही केली. एक पोरगं रडलं, तरी मी हसलो. त्याचा फोन नंबर अजून आहे, लावला नाही कधी. पण आमच्याच खोलीतला एक जण त्या रात्री उठून मेसमध्ये जाऊन बसला. त्याच्यात कुठे गेला होता राक्षस?

खडूस_सदाशिव
ठेचा, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत, तेही माझ्यापेक्षा बरं. झिंबार्डोच्याच हिशोबाने खरे छळवादी पहारेकरी एक तृतीयांश. बाकीचे? काही तर कैद्यांवर बारीकसारीक मेहेरबान्या करत होते. पुढे हॅस्लम आणि रायकर या मानसशास्त्रज्ञांनी बीबीसीसाठी असाच तुरुंग मांडला, तिथे पहारेकऱ्यांना धड हुकूमतच जमेना, कैद्यांनीच त्यांना उलथवलं. सगळं खापर वर्दीवर फोडलं की माणूस सुटतो. इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचा छळ केला, त्या खटल्यात झिंबार्डो एका शिपायाच्या बाजूने साक्षीला गेला, तो याच मुद्द्यावर.

स्नेहल_डोंबिवली
ठीक आहे, 'सिद्ध' हा शब्द मागे घेते. फ्रेम करून लावा. पण एक सांगा, ते सगळं थांबवलं कुणी? क्रिस्टिना मॅस्लाक पाचव्या रात्री आली, पोरांना डोक्यावर पिशव्या घालून साखळीने संडासला नेताना पाहिलं आणि झिंबार्डोशी कडाकडा भांडली. नुकतीच पीएचडी झालेली, आणि त्याच्याच प्रेमात. तोवर आलेल्या-गेलेल्यांपैकी कुणाला नाही खटकलं? सेक्रेटरी घड्याळ लावत होते तेव्हा आमच्या विंगमधले बारा जण खिडकीतून बघत होते. मीही.

खडूस_सदाशिव
हे मात्र मान्य. नाइलाजाने.

माजी_चेअरमन
आमच्याकडे भांडायला यायचे सगळे. थकबाकी घेऊन कुणी आलं नाही.

चाळकरी
त्या शिट्टीचं काय झालं पुढे?

स्नेहल_डोंबिवली
अजून त्यांच्याकडेच आहे. परवा पार्किंगवरून वाजवली.