मदत हवी आहे: एकच कोबॉट, माणसं तीन उंचीची

स्क्रूवाला: आमच्या लाईनवर कोबॉट (माणसाशेजारी काम करणारा रोबोट) पार्ट उचलून समोर धरतो आणि ऑपरेटर स्क्रू मारतो. एक जण ताडमाड उंच, वाकून वाकून त्याची कंबर धरलीये. दुसरी बाई बुटकी, वर डावखुरी, तिच्या तर कपाळासमोरच येतो पार्ट. दर शिफ्टला पॉइंट परत टीच करत, म्हणजे कोबॉटला जागा नव्याने शिकवत बसू का? उद्या सकाळपर्यंत हवंय. मॅन्युअल वाचा म्हणू नका.

नटबोल्ट: मध्ये पीएलसी (लाईन चालवणारा कंट्रोलर) आहे का? पार्ट किती किलोचा? कडा धारदार आहेत का? काहीच लिहिलं नाहीये राव.

स्क्रूवाला: पीएलसी आहे, अडीच किलो. बाकी नेहमीचंच.

जुनापाना: कोबॉट राहू दे तिथेच, माणसाखाली वरखाली होणारा प्लॅटफॉर्म टाका. संपला विषय.

करडाकोट: पॉइंट टीच करू नका. धरायचे सगळे पॉइंट एका युजर फ्रेममध्ये (आपण ठरवलेल्या मापाच्या चौकटीत) घ्या आणि ती फ्रेमच झेडमध्ये, म्हणजे वरखाली सरकवा. कार्ड लावलं की पीएलसी त्या माणसाचा ऑफसेट (फ्रेम किती सरकवायची तो आकडा) पाठवतो. आमच्याकडे अकरा जण, अकरा ओळींचं टेबल, कोणी नवीन आला की कोपराच्या उंचीला टेप लावून मापतो. डावखुऱ्यांना मात्र ऑफसेट पुरत नाही, पार्ट फिरवून धरावा लागतो आणि तिथे कोबॉटच्या मनगटाचा जॉइंट लिमिटला जातो, म्हणून ती पोझ वेगळीच टीच केली.

कॅमेराभाऊ: कार्ड कशाला, कॅमेरा लावा, आपोआप ओळखतो.

करडाकोट: लावला होता. चौथ्या दिवशी सगळे विचारायला लागले, आमचे फोटो कुठे जातात. काढला.

जुनापाना: ग्रिपरचे (पार्ट पकडणाऱ्या पंजाचे) रबर पॅड दर महिन्याला बदला हं.

नटबोल्ट: पॅडचं कोणी विचारलंय का! अहो, कपाळासमोर येतो लिहिलंय ते वाचा. २०१६ च्या आयएसओ टीएस १५०६६ मध्ये (कोबॉटच्या सुरक्षेचा दस्तऐवज) हात, छाती वगैरेंना क्षणिक धडकेच्या मर्यादा दिल्यात, पण चेहऱ्याला अशी धडक धरलेलीच नाही. रिस्क असेसमेंट उंच माणूस धरून केलं असेल तर बुटक्या माणसासाठी ते लागू नाही. ऑफसेटला वरखाली हद्द घाला आणि त्या पूर्ण हद्दीचं असेसमेंट परत करा. सेफ्टी सेटिंगला हात लावू नका.

स्क्रूवाला: ओके, फ्रेमचं करून बघतो. आणि हो, कडा धारदार आहेत, पत्र्याचा पार्ट आहे.

नटबोल्ट: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं! उद्या सकाळचं विसरा, आधी त्या बाईंना तिथून हलवा.