‘सेज’ला मराठीत काय म्हणावे: लव्हाळा, मोथा की गवत?

प्रश्न: साताऱ्यातील आमच्या घरामागे आंब्याच्या दाट सावलीत हरळी तगत नाही, म्हणून सावली सोसणाऱ्या देशी ‘सेज’च्या (इंग्रजीत sedge, म्हणजे गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींच्या) लागवडीवर मी मराठीत टिपण लिहीत आहे. त्यासाठी ‘लव्हाळा’ हा शब्द चालेल का?

उत्तर: चालेल, परंतु तो एकटा वापरू नये. सांगलीकडच्या ऊस उत्पादकाला लव्हाळा म्हटले की खुरपून खुरपून हात दुखवणारे, जमिनीत गाठींची माळ धरणारे आणि एक गाठ मागे राहिली तरी पुन्हा उगवणारे तणच आठवते. ‘बागेत लव्हाळा लावा’ एवढेच वाक्य वाचून तो पुढचे टिपण वाचणार नाही, आणि त्याचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही. आपल्याला अभिप्रेत असलेल्या केरेक्स या प्रजातीच्या मुळाशी मात्र अशा गाठी नसतात.

‘मोथा’ हा शब्द संस्कृत ‘मुस्ता’वरून आलेला. त्याने थेट गाठच डोळ्यांसमोर येते. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा आपल्याला त्याच्या वासावरून ओळखू येतो. म्हणून तोही येथे बसत नाही.

‘गवत’ तर सरळ चूक आहे. ऊस हे गवतच. त्याला पेरे असतात, तशी हरळीलाही असतात. लव्हाळ्याच्या फुलोऱ्याचा दांडा बोटांत धरून फिरवून पाहावा: पेर कोठेच लागत नाही आणि तीन कडा स्पष्ट जाणवतात. ‘सेज’ तसाच ठेवला, तर मराठी कानाला आधी फुलांची शेज आठवते, शिवाय त्याच उच्चाराची एक सुगंधी पानांची वनस्पतीही आहे.

लव्हाळा हा शब्द सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते. महापुरात झाडे वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, हा तुकोबांचा दाखला कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपण मथळ्यात ‘सावलीतला लव्हाळा’ असे लिहावे, पहिल्याच वाक्यात ‘शेतातला गाठींचा लव्हाळा नव्हे’ असा खुलासा करावा आणि ‘केरेक्स’ हे नाव एकदा द्यावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. ‘सावलीतला लव्हाळा’ स्वीकारते. आपण सांगितलेली दांड्याची पारखही टिपणात घेते आणि तिच्या जोडीला एक सूचना देते: रोप लावण्यापूर्वी मातीचा गोळा फोडून पाहावा, आणि मोथ्याची काळपट गाठ दिसल्यास ती वेचून टाकावी.