विंचवाच्या औषधाला सायटेशनची फूटपट्टी?

तळकोकण:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "विंचूदंशावर काम करणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली ते ठीक, पण त्यांना मोठे संशोधक म्हणू नका. कॅन्सर, हृदयरोगवाल्यांच्या सायटेशनपुढे (म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखांत दिलेल्या हवाल्यांपुढे) त्यांची गणती होत नाही." दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

विंचू चावलेलं पोर मी पाहिलंय. माझा चुलतभाऊ, नऊ वर्षांचा. भाताची उडवी मोडताना हाताला चावला. तासाभरात सदरा पिळून काढावा इतका घाम, हातपाय गारठलेले, आणि पहाटे तोंडातून गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी भरलं होतं. गेला. तेव्हा आमच्याकडे मंत्र होता, सलाइन होतं, पण नेमकं काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

१९८२ साली बावस्करांचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो असल्याच पेशंटच्या उशाशी जागून टिपलेल्या लक्षणांवर. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं, रक्तदाबाची साधी स्वस्त गोळी. विषामुळे अंगात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, ही गोळी त्याला रक्तवाहिन्या आवळू देत नाही. गंभीर पेशंटपैकी शेकडा तीस-चाळीस दगावायचे, ते एकाच्या आसपास आले. आता सांगा, कशाची गणती करायची?

आकडेमोड:
ती पोस्ट माझी. तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मुद्दा सोडत नाही. एखाद्याचं काम इतर संशोधकांच्या किती उपयोगी पडलं हे सायटेशनवरून कळतं. खेड्यातलं काम म्हणून मागे पडतं, हेही खरं नाही. बंग दांपत्याचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीवरचा १९९९ चा लॅन्सेटमधला लेख गडचिरोलीतूनच आला. जगभर त्याचा हवाला देतात.

आणि एक सांगतो. माझे वडील शिपाई होते. निवड समितीत आमचं कुणी नव्हतं. पेपर मोजले गेले म्हणून मला नोकरी मिळाली, नाहीतर साहेबांचा भाचा लागला असता. आकडे नकोत म्हणणाऱ्यांनी आधी पर्याय सांगावा.

संख्याशास्त्र-मास्तर:
आकडे हवेतच, पण वेगवेगळ्या शाखा एकाच तराजूत घालू नका. एच-इंडेक्स काढला जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने, २००५ साली. एच-इंडेक्स ५० म्हणजे किमान पन्नास हवाले मिळालेले पन्नास लेख. त्याच लेखात भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटेन, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर, १९१. म्हणून विटेन निम्म्या ताकदीचा ठरतो का? शाखाशाखांत इतका फरक पडतो, हे हिर्शनेच तिथे लिहून ठेवलंय.

बंगांचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. तान्ही बाळं जगभर दगावतात, म्हणून त्यावर लिहिणारेही जगभर आहेत. आपला तांबडा विंचू भारत आणि शेजारच्या दोन-तीन देशांपुरता. शिवाय ते काम विषशास्त्र, हृदयरोग आणि औषधशास्त्र यांच्या बांधावरचं. कुठल्या शाखेच्या सरासरीशी ताडून बघणार?

आणि हवाला म्हणजे शाबासकी नव्हे. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा वेकफिल्डचा १९९८ चा लेख बारा मुलांवरचा, २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याचा हवाला हजारो लेखांत आहे, बराचसा खोडून काढण्यासाठी.

रेसिडेंट होते:
सगळे सायटेशन मोजताय, आधी पेपर कुणाचा ते विचारा. अडीच वर्षं रात्री अकरानंतर वॉर्डात बसून मी १४० केस-पेपरांतून माहिती उतरवली. पेपर छापून आला तेव्हा पहिलं नाव विभागप्रमुखांचं, दुसरं त्यांच्या मित्राचं, माझं पाचवं. त्या मित्राने पेशंट पाहिलेच नव्हते.

घाटावरचा:
ताई, याचं मूळ नियमात आहे. २०१५ साली मेडिकल कौन्सिलने बढतीसाठी फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय धरलं. मग वरच्या दोन जागांसाठी मारामारी होणारच. मीही गाइड होतो. बढती अडली की घरात काय चालतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

रेसिडेंट होते:
म्हणजे तुमच्या बढतीसाठी माझी रात्र? हे बोलायला तुम्हाला काहीच वाटत नाही?

घाटावरचा:
मी कुणाचं नाव ढापलं असं म्हटलेलं नाही! नियमाबद्दल बोलतोय. ओपीडीत दीडशे पेशंट बघायचे, वर दरवर्षी पेपर दाखवायचा. माणूस एकच असतो.

रेसिडेंट होते:
बावस्करही ओपीडी चालवूनच लिहीत होते. त्यांच्या कित्येक लेखांवर दोनच नावं आहेत, त्यांचं आणि पत्नीचं. ज्यांनी पेशंट पाहिले त्यांचीच.

घाटावरचा:
...हे मान्य. पण बाकीचं नाही.

आकडेमोड:
विषय भरकटला. मास्तरांचा शाखांचा मुद्दा मला मान्य करावा लागतोय. 'गणती होत नाही' हे शब्द मागे घेतो. पण निवड समितीत आकडे हवेत, यावरून हलणार नाही.

तळकोकण:
शब्द मागे घेतलेत, बरं वाटलं. २०११ चा त्यांचा बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातला लेख वाचा. ७० पेशंट, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला विंचवाचं प्रतिविष, म्हणजे विष मारणारं इंजेक्शन. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविषवाल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाल्यांत ८. ज्या गोळीने नाव मिळवून दिलं ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतः छापलं. तुमच्या समितीत याला किती गुण?

आकडेमोड:
आज तरी शून्य. असा रकानाच नाही.