फ्रँकफर्ट ते लंडन विमान ४० मिनिटांत??

बाळीवेस_काका:
नमस्कार मंडळी. मी आणि आमची ही जूनमध्ये लेकीकडं फ्रँकफर्टला चाललोय, भाचा लंडनला असतो तो म्हणतोय मामा एवढ्या लांब येताय तर चार दिवस इकडं पण या. मोबाईलवर तिकीट बघितलं तर जाताना १० ला निघून १०.४० ला पोचतंय आणि येताना १० ला निघून १२.४० ला! ४० मिनिटांत आपली सिटी बस धड होटगी रोडला लागत नाही. नक्की अंतर किती आहे, आणि एवढा फरक वाऱ्यामुळं पडतो का?

जुळे_सोलापूरकर:
काका वारा नाही, घड्याळ 😀 तिकिटावर ज्या त्या गावाची वेळ छापतात. लंडन जर्मनीपेक्षा १ तास मागं, त्यामुळं जाताना तास वाचल्यासारखा दिसतो आणि येताना व्याजासकट वसूल. खरा वेळ दोन्हीकडं १ तास ४० मिनिटं. सरळ रेषेत साधारण ६५० किमी, म्हणजे आपलं सोलापूरहून रेल्वेनं मुंबई ४५५ धरलं तर जवळपास दीडपट. त्यात पण हवेत सव्वा तासच, बाकी रनवेला रांगेत. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला एवढी गर्दी आणि रनवे दोनच, मग विमान वरच घिरट्या घालत बसतंय. वाऱ्यानं फार तर पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं.

हुरडा_पार्टी:
स्वस्त तिकीट बघून भुलू नका. नावात फ्रँकफर्ट पण विमानतळ 'हान', शहरापासून १२० किमी! सोलापूर सांगून लातूरला उतरवल्यागत.

टेम्सकाठी_सोलापुरी:
काका अंतर राहू द्या, व्हिसाचं बघितलं का? जर्मनीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लंडनला चालत नाही, यूकेचा वेगळा काढावा लागतो. आणि शेंगेन सिंगल एंट्री असला तर लंडनला गेलात की तो संपला, परत फ्रँकफर्टला येता येणार नाही आणि तुमचं भारताचं विमान तर तिथूनच असणार. मल्टिपल एंट्री मागा, नाहीतर लंडनहूनच मुंबईचं तिकीट काढा. पासपोर्ट एका ठिकाणी जमा असला की दुसरा अर्ज खोळंबतो, सासूबाईंच्या वेळी आमचं हेच झालं, शेवटी त्या लंडन न बघताच गेल्या आणि अजून ऐकवतात.

जुळे_सोलापूरकर:
हे भारी सांगितलं, माझ्या डोक्यातच आलं नाही.

हुरडा_पार्टी:
रेल्वेनं पण होतंय की. फ्रँकफर्ट ते ब्रुसेल्स, तिथून युरोस्टार, समुद्राखालच्या बोगद्यातनं थेट लंडनच्या मध्यात. सगळं मिळून सहा-साडेसहा तास. विमानाला दोन तास आधी जाणं, सिक्युरिटी, हीथ्रोतून गावात येणं धरलं तर तुमचे पण पाच तास जातातच. व्हिसा मात्र तरी लागतोच बरं का.

बाळीवेस_काका:
बरं झालं बे विचारलं, परवाच फाईल द्यायची होती आणि लेकीनं सिंगलवरच टिक केलंय!! आज रात्री तिला फोन लावतो. रेल्वेचं ऐकून ही म्हणतेय खिडकीची जागा मला, मी म्हणलं अगं बोगद्यात काय दिसणार. ते जाऊ दे, शेंगा चटणी न्यायला चालते ना?

टेम्सकाठी_सोलापुरी:
चटणी चालते, मोठ्या बॅगेत टाका. तूप, पेढे नेऊ नका, युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. आणि एक पुडा माझ्या नावानं भाच्याकडं ठेवा.