दुखतंय उजवीकडे, ब्रिज हवाय डावीकडे: प्लॅनचा क्रम कसा लावावा?

पहिली_खुर्ची
पेशंट ५२ वर्षांचे, टाइप २ मधुमेह. उजवीकडे खाली थंड लागलं की ठणका. बोट ४६ वर (उजवीकडची खालची पहिली दाढ) ठेवतात. ४६ ला खोल कीड, तिच्या मागच्या ४७ मध्ये जुनं मोठं अमाल्गम (चांदीचं फिलिंग). डावीकडे ३६ (खालची पहिली दाढ) बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली, तिथे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात) हवाय आणि तोही 'आधी'. तिच्या शेजारच्या ३५ आणि ३७ भोवती प्रोब (हिरडी मोजायची बारीक सळई) फिरवला की रक्त येतं. ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) काढलेला आहे. ४६ चं रूट कॅनल आणि ३५-३७ ची ब्रिजची तयारी बरोबरच सुरू केली तर चालेल का?

एंडो_कट्टा
रूट कॅनल नक्की कोणत्या दाढेचं, हे अजून ठरलेलंच नाही. सूज दाताच्या नसेपुरतीच असते तोवर, म्हणजे ती मुळाबाहेर पोचेपर्यंत, पेशंटला दात नेमका सांगता येत नाही. खालची कळ वरच्या दाढांतही जाणवते, फक्त मधली रेषा सहसा ओलांडत नाही. त्यामुळे उजवीकडच्या वरच्या दाढाही तपासा.

थंडाची टेस्ट आधी एखाद्या निरोगी दातावर करा, म्हणजे 'नॉर्मल' कसं लागतं ते पेशंटला कळेल. दात कोरडा करून स्प्रे कापसाच्या बोळ्यावर मारा, थेट दातावर नको. बोळा काढल्यावर दोन-चार सेकंदांत कळ गेली तर नस वाचण्यासारखी आहे. ठणकतच राहिली तर नाही. काहीच जाणवलं नाही आणि आरशाच्या दांड्याने ठोकल्यावर दुखलं, तर नस मेलेली असण्याची शक्यता जास्त.

४७ ला सोडू नका. मोठ्या अमाल्गमखाली तडा असू शकतो. एकेका कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) चावायला लावा. दाब *सोडताना* चमक आली तर तड्याचा संशय पक्का धरा. आणि ओपीजीवर निर्णय नको, ४६-४७ चा आयओपीए (मुळांसकट दाताचा छोटा एक्स-रे) आणि दोन्ही बाजूंचे बाइटविंग (चावून धरायचे एक्स-रे) काढा.

क्राउन_मार्जिन
४६ ची नस गेलेली ठरली तरी लगेच कॅनल शोधायला जाऊ नका. आधी सगळी कीड काढा, मग काय उरलंय ते बघा. क्राउनच्या (कॅपच्या) कडेच्या वर सगळीकडून साधारण २ मिमी निरोगी डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) मिळतंय का? नसेल तर क्राउन लेंग्थनिंग (हिरडी-हाड थोडं कमी करून दात जास्त उघडा करणं). पण हाडापासून कडेपर्यंत ३ मिमी जागा करताना फर्केशन (मुळं एकमेकांपासून फुटतात ती जागा) उघडं पडणार असेल, तर ती दाढ वाचवण्यात अर्थ नाही. मग ४६ ची जागाही रिकामी होते आणि तुमचा सगळा प्लॅन बदलतो. ३५-३७ ला आज बर (दात घासायचं ड्रिल) लावायचा नाही, त्याचं हेही एक कारण.

हिरडी_आधी
दुसरं कारण हिरडीचं. प्रत्येक दाताला सहा जागी पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) मोजून चार्ट भरा, ३७ ची मागची बाजू आणि फर्केशन विसरू नका. दात हलतो का ते दोन इन्स्ट्रुमेंटच्या दांड्यांमध्ये धरून बघा, बोटाची त्वचा दबते आणि फसवते. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) चा ताजा रिपोर्ट मागवा.

स्केलिंग आणि मुळं साफ करून झाल्यावर साधारण १२ आठवड्यांनी पुन्हा चार्ट. सुजलेल्या हिरडीत क्राउनची कड ठेवली की माप घेताना रक्त येतं, माप बिघडतं आणि सूज उतरली की तीच कड उघडी दिसते. ३६ जाऊन बरीच वर्षं झालीत, म्हणजे ३७ पुढे झुकलेली आणि तिच्या समोरची वरची २६ खाली उतरलेली असू शकते. दोन्ही जबड्यांचे स्टडी मॉडेल (प्लास्टरच्या प्रतिकृती) घ्या. २६ आड येत असेल तर पाँटिकला (ब्रिजच्या मधल्या दाताला) उंचीच मिळणार नाही.

पहिली_खुर्ची
पटलं. पण १२ आठवडे म्हटलं की पेशंट दुसरीकडे जाणार, त्याचं काय?

केसपेपर
'थांबा' म्हणू नका, टप्पे लिहून द्या. पहिला: दुखणं थांबवणं. दुसरा: हिरडी आणि बाकीची कीड. तिसरा: फेरतपासणी, तिथे दोन फाटे, '४६ राहिली तर' आणि 'काढावी लागली तर'. ब्रिज चौथा. ३६ ची जागा दिसण्यात येत नाही, ती थोडी थांबू शकते. फारच आग्रह असेल तर काढता-घालता पार्शियल (छोटी कवळी) द्या, तेही तात्पुरतं आहे असं केस पेपरवर लिहून.

जाता जाता: 'काही आजार?' एवढ्यावर भागत नाही. 'रोज कोणत्या गोळ्या? सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एखादं इंजेक्शन?' असं विचारा. हाडं ठिसूळ झाल्याची इंजेक्शनं लोक आजार म्हणून सांगतच नाहीत, आणि ४६ काढायची वेळ आली तर जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका त्यांच्यामुळे असतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या निघाल्या तर स्वतःहून बंद करायला सांगू नका, त्यांच्या डॉक्टरांशी बोला. शेवटी जीभ गॉझने धरून दोन्ही कडा बघा. दोन आठवड्यांहून जुना व्रण दिसला तर बायोप्सीसाठी पाठवा, ब्रिजचं नंतर.